हिरव्या बचतीचा छेद कुठे आहे?

माझ्या दुसऱ्या सहामाही प्रेझेंटेशनमधली चौथी स्लाइड मला फार आवडायची. तिच्यावर फक्त एक तक्ता होता. मोठ्या कंपन्यांनी प्रदूषण कमी केलं, ऊर्जा वाचवली आणि त्यातून किती पैसे वाचले, याचा. डाऊ केमिकलच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात अडीच लाख डॉलर खर्चून वर्षाला २४ लाख डॉलर वाचले. त्याच कंपनीच्या लुइझियाना विभागात शेकडो छोटे प्रकल्प, सरासरी परतावा २०४ टक्के. खाली ठळक अक्षरात माझं वाक्य: पर्यावरणपूरक होणं कंपन्यांच्या फायद्याचंच असतं.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडमनी तक्ता शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "अगं, हा सगळा अंश झाला. छेद कुठे आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. ज्या प्रकल्पांनी पैसे वाचवले ते तू मोजलेस. किती जणांनी प्रयत्न केला, किती जणांचे पैसे अडकले, किती प्रस्ताव फाईलमधून बाहेरच आले नाहीत, ते कुठे आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाईड सर खिडकीबाहेर बघत होते. त्या एका प्रश्नावर माझे पुढचे चार महिने गेले आणि लिटरेचर रिव्ह्यूचं पहिलं प्रकरण जवळपास पुन्हा लिहावं लागलं.

तुमच्यापैकी बरेच जण पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेले असणार, आणि 'सस्टेनेबिलिटी' हा शब्द शीर्षकात घालावा का, असा विचारही करत असणार. जरूर घाला. पण त्याआधी या विषयातले दोन पेपर एकमेकांशेजारी ठेवून वाचा. दोन्ही एकाच अंकात छापले आहेत: 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक पर्स्पेक्टिव्ज', १९९५. एक मायकेल पोर्टर आणि क्लास व्हॅन डर लिंडे यांचा, दुसरा त्याला उत्तर म्हणून कॅरन पामर, वॉलेस ओट्स आणि पॉल पोर्टनी यांचा. सगळे जण पहिला उद्धृत करतात. दुसरा वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. मीही पहिला वाचूनच थांबले होते, तेही गोषवारा आणि उदाहरणं एवढंच.

पोर्टर यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रदूषण म्हणजे वाया गेलेला कच्चा माल. चिमणीतून जो वायू बाहेर जातो, नाल्यातून जे रसायन वाहून जातं, ते कंपनीने पैसे देऊनच विकत घेतलेलं असतं. म्हणजे प्रदूषण हा पैशांच्या गळतीचा दिसणारा डाग आहे. कंपन्या ही गळती स्वतःहून बंद करत नाहीत, कारण त्यांचं तिकडे लक्षच नसतं. नीट आखलेला पर्यावरण कायदा त्यांना तिकडे बघायला भाग पाडतो, त्यातून नव्या पद्धती सापडतात, आणि त्यातली बचत कायद्याचा खर्च भरून काढते. कधी कधी त्याहून जास्त. १९९१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये पोर्टर यांनी हे छोट्या लेखात मांडलं होतं. १९९५ च्या पेपरमध्ये त्याला उदाहरणांची जोड दिली.

त्यांची उदाहरणं खरी आहेत, हे आधी सांगते. डाऊच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्याचं घ्या. तिथे हायड्रोक्लोरिक वायू कॉस्टिकने धुवून काढत आणि उरलेलं सांडपाणी उघड्या तळ्यांत बाष्पीभवनासाठी सोडत. १९८८ पर्यंत ही तळी बंद करा, असा नियम आला. मग १९८७ मध्ये कंपनीने प्रक्रियाच बदलली. वर्षाला ६,००० टन कॉस्टिक कचरा आणि ८० टन हायड्रोक्लोरिक आम्लाचा कचरा कमी झाला, सांडपाण्यातला काही भाग कारखान्यातच दुसरीकडे कच्चा माल म्हणून वापरता आला. खर्च अडीच लाख डॉलर, बचत वर्षाला २४ लाख. असं उदाहरण वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचं सुचतच नाही. माझंही तेच झालं.

इन्फॉर्म या संस्थेच्या पाहणीचा दाखला तर याहून भारी वाटतो. २९ रासायनिक कारखान्यांमध्ये कचरा मुळातच कमी करण्याचे १८१ उपाय तपासले आणि त्यातल्या फक्त एका उपायाने निव्वळ खर्च वाढला. १८१ पैकी १८०! मी ही ओळ स्लाइडवर लाल रंगात टाकली होती.

आता मॅडमचा प्रश्न इथे लावा. हे १८१ उपाय आले कुठून? ते कारखान्यांनी अमलात आणलेले उपाय होते. कारखाना एखादा उपाय अमलात आणतो तो हिशोब करूनच. जो तोट्यात जाणार असं वाटतं, तो बैठकीतच बाद होतो आणि पाहणीत येत नाही. म्हणजे यादीत फायद्याचे उपाय बहुसंख्येने असणं हा पर्यावरणाविषयीचा शोध झालाच असं नाही. यादी कशी बनली, त्याचाही तो परिणाम असू शकतो. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वरच्यांनाच प्रवेश देणाऱ्या कॉलेजने बारावीच्या निकालाची जाहिरात करावी, तसं काहीसं. मुलं हुशार आहेत, निकालही खरा आहे. पण कॉलेजने काय शिकवलं हे त्यातून कळत नाही.

पामर, ओट्स आणि पोर्टनी यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. अमेरिकेत इतके कारखाने आहेत की निवडून उदाहरणं काढायची ठरवली तर कुठलीही बाजू सिद्ध करता येईल. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट मला पेपरात वाचून हसू आलं इतकी साधी होती. पोर्टर यांच्या उदाहरणांत ज्यांची नावं आली होती त्या डाऊ, ३एम, सिबा-गायगी आणि मोन्सँटो या कंपन्यांच्या पर्यावरण विभागांच्या वरिष्ठांशी ते थेट बोलले. प्रत्येकाने सांगितलं की हो, काही ठिकाणी नियमांमुळे खर्च अपेक्षेपेक्षा कमी झाला, कधी पैसे वसूलही झाले. पण एकूण हिशोब मांडला तर पर्यावरण नियम हा आमच्यासाठी निव्वळ खर्चच आहे, आणि तो मोठा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी छेद शोधला. १९९२ साली अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणावर सुमारे १०,२०० कोटी डॉलर खर्च झाले, आणि त्यातून कंपन्यांना परत मिळालेल्या बचतीचा अंदाज होता सुमारे १७० कोटी डॉलर. दोन टक्क्यांहूनही कमी.

हा आकडा वाचल्यावर मी दोन दिवस विषयच बदलावा या विचारात होते. खोटं नाही सांगत. माझा सगळा प्रबंध 'हिरवं म्हणजे फायद्याचं' या पायावर होता, आणि हा पाया २९ वर्षांपूर्वी त्याच अंकात, दहा-वीस पानं पुढे, कुणीतरी उकरून ठेवला होता.

पण रिसर्चमध्ये दुसरा पेपर वाचून लगेच बाजू बदलणं हीसुद्धा तीच चूक असते. म्हणून उत्तराच्या पेपरलाही तेच प्रश्न विचारा. चार कंपन्यांच्या चार अधिकाऱ्यांशी बोलणं हा काही सॅम्पल नव्हे. शिवाय नियमांचा आम्हाला त्रास होतो, असं म्हणण्यात त्या अधिकाऱ्यांचं हित आहेच. सोपं पडतं म्हटलं तर उद्या नियम आणखी कडक होतील. आणि दोन टक्क्यांचा आकडा फक्त तेवढीच बचत पकडतो जी कुणीतरी 'प्रदूषण नियंत्रणातली बचत' अशा नावाने मोजली. प्रक्रिया बदलल्यामुळे उत्पादन सुधारलं, माल कमी बाद झाला, तर ते पैसे उत्पादन विभागाच्या खात्यात दिसतात, पर्यावरणाच्या रकान्यात येत नाहीत. पोर्टर यांचा दावा याच न दिसणाऱ्या बचतीबद्दल होता. म्हणजे एका बाजूकडे छेद नाही आणि दुसऱ्या बाजूचा अंश अर्धवट आहे. तीस वर्षं झाली तरी वाद का मिटत नाही, ते इथे कळतं.

या वादाचं पुढे काय झालं ते एका परिच्छेदात. १९९७ मध्ये ॲडम जॅफी आणि कॅरन पामर यांनी पोर्टर यांच्या दाव्याचे वेगवेगळे स्तर सुटे केले, कमकुवत दावा, नेमका दावा, जोरदार दावा असे, आणि आकडेवारीवर तपासून पाहिलं. नियमपालनाचा खर्च वाढला की नंतर संशोधनावरचा खर्चही वाढतो, असं त्यांना आढळलं. पेटंटची संख्या वाढल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. तुम्ही सिनॉप्सिसमध्ये 'पोर्टर हायपोथिसिस' एवढंच लिहिलंत तर समिती विचारणार, यातला कुठला? तेव्हा उत्तर तयार ठेवा.

आता लुइझियाना. माझ्या तक्त्यातलं हे उदाहरण मला सगळ्यात जास्त छळत राहिलं, कारण ते सहज बाजूला टाकता येत नाही.

डाऊच्या लुइझियाना विभागात केन नेल्सन नावाच्या इंजिनिअरने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांसाठी एक स्पर्धा सुरू केली. ऊर्जा वाचवण्याची कल्पना सुचवा. खर्च दोन लाख डॉलरच्या आत आणि पैसे वर्षभरात वसूल झाले पाहिजेत. १९८२ मध्ये २७ प्रकल्प निवडले गेले, १७ लाख डॉलर लागले, सरासरी परतावा १७३ टक्के. अनेकांना वाटलं, झालं, सोपी फळं तोडून संपली. पुढच्या वर्षी ३२ प्रकल्प आले, २२ लाख डॉलर लागले आणि परतावा होता ३४० टक्के. मग कचरा कमी करणं, उत्पादन वाढवणं हेही स्पर्धेत आलं. १२ वर्षं ती चालली. ज्या ५७५ प्रकल्पांची नंतर तपासणी झाली, त्यांचा अपेक्षित परतावा सरासरी २०२ टक्के होता, प्रत्यक्षात निघाला २०४ टक्के.

हा आकडा तुम्ही उद्धृत करणार असाल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. वर्षभरात पैसे वसूल होणारेच प्रकल्प घ्यायचे, हा नियम म्हणजेच १०० टक्क्यांहून कमी परताव्याचे प्रकल्प दारातच अडवणं. मग जे आत आले त्यांची सरासरी शंभरच्या वर असणारच. १७३ टक्क्यांतला बराचसा भाग या चाळणीने आधीच ठरवलेला आहे. संख्याशास्त्राच्या पेपरमध्ये 'ट्रंकेशन'चा प्रश्न आपण सोडवतो ना, तोच हा. पुस्तकात ओळखू येतो, स्लाइडवर येत नाही.

पण चाळणीने दोन गोष्टींचं उत्तर मिळत नाही. एक, तपासणीत आकडे टिकले. सहसा इंजिनिअरांचे अंदाज गुलाबी असतात. घरांच्या बाबतीत तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फाउली, ग्रीनस्टोन आणि वोल्फ्राम यांनी केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष बचत अंदाजाच्या चाळीस टक्क्यांच्याही आतच निघाली. इथे तसं झालं नाही. दोन, फळं संपली नाहीत. एकाच आवारात, तेच इंजिनिअर, दरवर्षी नवे प्रकल्प शोधत होते, आणि हे प्रकल्प त्याआधीही तिथेच पडलेले होते. रस्त्यात पडलेली नोट खरी असती तर कुणीतरी आधीच उचलली असती, हा अर्थशास्त्रातला जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. इथे नोटा बारा वर्षं उचलल्या जात होत्या आणि तरी शिल्लक होत्या.

म्हणून लुइझियानाकडून 'हिरवं फायद्याचं असतं का' या प्रश्नाचं उत्तर मागू नये, असं माझं मत झालं. ते उदाहरण वेगळ्या प्रश्नाचं आहे: मोठ्या संस्थेत पायाशी पडलेला पैसा कुणाला दिसत का नाही?

याचं उत्तर मला पेपरात सापडण्याआधी आमच्याच विभागात सापडलं. आमच्या लॅबमध्ये उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर आहे. असा फ्रीझर दिवसाला साधारण १५ ते २० युनिट वीज खातो. १८ युनिट धरा, युनिटला १० रुपये धरा. वर्षाला ६५ हजारांच्या आसपास. बऱ्याच प्रकारच्या सॅम्पलना उणे ७० पुरतं आणि तेवढ्याने वीज साधारण एक-तृतीयांश कमी लागते. म्हणजे एक बटण दाबून वर्षाला वीसेक हजार रुपये. खर्च शून्य, परतावा किती टक्के ते तुम्हीच काढा, शून्याने भागता येत असेल तर. मी आणि माझ्या ज्युनिअरने दोन पानी टिपण लिहून विभागप्रमुखांकडे नेलं. सरांनी ते नीट वाचलं, आणि म्हणाले, "छान आहे. पण बिल आपलं नाही, सॅम्पल मात्र आपली आहेत."

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, या विषयावरचं सगळ्यात नेमकं वाक्य मी त्या केबिनमध्ये ऐकलं. विजेचं बिल मुख्य इमारतीत जातं, तिथे ते सगळ्या कॅम्पसचं मिळून येतं. वाचलेले वीस हजार आमच्या विभागाला मिळणार नाहीत. उद्या कुणाच्या चार वर्षांच्या सॅम्पलचं काही झालं तर दोष आमचा. हिशोब त्यांच्या खुर्चीतून बरोबर होता. संस्थेच्या हिशोबाने तो चुकीचा होता, पण संस्था नावाची व्यक्ती त्या केबिनमध्ये नव्हती. सरांनी जोखमीचा विचार केला तो मी माझ्या टिपणात केलाच नव्हता, हेही खरं. 'शून्य खर्च' लिहिताना मी तो खर्च बघितलाच नव्हता.

हे एकदा डोक्यात आलं की पेपर वेगळे दिसायला लागतात. सोरेन अँडरसन आणि रिचर्ड न्यूएल यांचा २००४ चा पेपर बघा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा एक कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यात विद्यापीठांमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आणि विद्यार्थी लहान-मध्यम कारखान्यांचं ऊर्जा ऑडिट फुकट करून देत. त्यांच्या शिफारशींपैकी साधारण निम्म्याच अमलात येतात. कारखाने एक ते दोन वर्षांत पैसे वसूल होणारेच प्रकल्प घेतात. म्हणजे ५० ते १०० टक्के परतावा मिळाला तरच. बँकेत एवढं व्याज कुणी देत नाही, तरी कारखाना नाही म्हणतो. हा पेपर मला पोर्टरपेक्षा जास्त उपयोगी पडला, कारण यात नाकारलेल्या शिफारशी आहेत. छेद आहे.

दुसरा पेपर आपल्या जवळचा. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या, तारापूर आणि उंबरगाव भागातल्या कापड कंपन्यांवर केलेला प्रयोग, २०१३ मध्ये छापलेला. १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यातल्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही कारखान्यांना एका मोठ्या सल्लागार कंपनीची मदत महिनोन्महिने फुकट दिली: जमीन झाडा, सुताच्या साठ्याला लेबल लावा, दोष कुठल्या मागावर येतात ते रोज लिहा. पेपरात फोटो आहेत, ते जरूर बघा. ज्यांनी भिवंडी-इचलकरंजीकडचे कारखाने आतून पाहिलेत त्यांना ते ओळखीचे वाटतील. पहिल्या वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग मालकांनी हे आधी का केलं नाही? काही पद्धती त्यांना माहीत नव्हत्या, काहींचा फायदा होईल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

हा प्रयोग पर्यावरणाचा नव्हे, व्यवस्थापनाचा आहे, हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा. नाहीतर समिती पकडेल. तरी तो इथे लागू होतो, कारण बाद झालेल्या कापडात सूतही गेलेलं असतं आणि वीजही. आणि त्याची रचना बघा. चिठ्ठ्या टाकून निवड केल्यामुळे 'हुशार कंपन्यांनाच मदत मिळाली' ही शंका उरत नाही. लुइझियानात नेमकं हेच नव्हतं.

त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा. हेच संशोधक जवळपास नऊ वर्षांनी त्या कारखान्यांत परत गेले. २०२० मध्ये ते छापून आलं. जे सुधारलं होतं त्यातल्या जवळपास निम्म्या पद्धती सुटून गेल्या होत्या. कारखान्याचा मॅनेजर बदलला, मालकांना वेळ मिळेना. ज्यांना मदत मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा हे कारखाने तरी पुढेच होते, पण अर्धं गेलं होतं. फायद्याची गोष्ट होती, फायदा डोळ्यांनी दिसला होता, आणि तरीही सुटली. लुइझियानातली प्रसिद्ध आकडेवारीसुद्धा १९९३ पर्यंतचीच आहे, केन नेल्सन निवृत्त झाले तिथपर्यंतची. बचतीचे प्रकल्प यंत्रात होतात असं आपण समजतो, पण ते बहुतेक वेळा एका माणसाच्या पाठपुराव्यावर उभे असतात. हे कुठल्याच परतावा-टक्केवारीत दिसत नाही.

आणि एक शेवटचा खड्डा, ज्यात मी अजूनही अधूनमधून पडते. पैसे वाचले म्हणजे पर्यावरण वाचलं, असं धरून चालू नका. निकोलस रायन यांनी गुजरातमधल्या कारखान्यांना ऊर्जा सल्लागार देऊन प्रयोग केला. कारखाने जास्त कार्यक्षम झाले, आणि जास्त तास चालवले गेले, कारण आता चालवणं परवडायला लागलं. विजेची मागणी वाढली. मालकाच्या दृष्टीने उत्तम. कामगारांच्या दृष्टीनेही कदाचित. पण तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात 'पर्यावरण' असेल तर तुमच्या तक्त्यात रुपयांच्या शेजारी युनिट, टन, घनमीटर यांचा रकाना हवा, आणि तो दर नगामागे नको, एकूण हवा. वार्षिक अहवालांमध्ये सहसा दर नगामागचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, एकूण आकडा मागे कुठेतरी.

मी आता काय करते आहे ते सांगते. माझ्या तक्त्यात पूर्वी तीन रकाने होते: कंपनी, खर्च, बचत. आता सात आहेत. किती प्रस्ताव आले, किती नाकारले, का नाकारले, बिल कुणाच्या खात्यात येतं हे चार नवे. पोर्टर यांच्या उदाहरणांपैकी बहुतेकांसमोर हे चारही रकाने रिकामे राहिले, आणि ते तसे रिकामे ठेवूनच मी तक्ता प्रकरणात टाकला. गाईड सरांना ते आधी विचित्र वाटलं. "एवढी मोकळी जागा?" म्हणाले. मग त्यांनीच त्यावर पेन्सिलने गोल केला आणि बाजूला लिहिलं, चर्चेत घ्यावे.

त्या अमेरिकी ऑडिट कार्यक्रमाचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. हजारो कारखाने, प्रत्येक शिफारस, अंदाजे बचत, अमलात आली की नाही, आणि नाही तर का, याचे सांकेतिक आकडे. कारखाने लहान-मध्यम आहेत, त्यामुळे डाऊसारख्यांबद्दल त्यातून थेट काही म्हणता येणार नाही. पण एक्सेल येत असेल तर एका रविवारात तुम्ही स्वतः पहिला आलेख काढू शकता. मी काढला तेव्हा आधी बचतीचा रकाना मोठ्यापासून लहानाकडे लावला, आणि वरच्या वीस ओळी बघून खूश झाले. मग मॅडमचा प्रश्न आठवला आणि फिल्टर काढून 'नाही' वाल्या ओळी उघडल्या.